अठरा पौंडांवर अडलेला काटा

"यंत्र कधीही खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस. म्हणून यंत्रासमोर माणसाने मान खाली घालूनच उभं राहिलं पाहिजे."

हे वाक्य मास्तरांनी हँगरच्या मधोमध, उजवा हात विमानाच्या नाकावर ठेवून उच्चारलं. त्या वेळी त्यांचा डावा पाय काळ्या तेलाने भरलेल्या परातीत होता. समोर तिघं उभे होते. पहिल्याला ते सांगायची हिंमत नव्हती, दुसऱ्याला सांगायची गरज वाटत नव्हती, आणि तिसरी मास्तरांची लेक होती. ती वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत होती.

"बाबा, पाय," ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. पाय बाहेर काढला, परात जिथे ठेवली होती त्या जागेकडे तुच्छतेने पाहिलं आणि ती तिथे कोणी ठेवली असं विचारलं. ती त्यांनी स्वतःच ठेवली होती. पण तिघांतल्या पहिल्याने, म्हणजे जावयाने, "सॉरी सर" म्हणून विषय संपवला, आणि त्यामुळे मास्तरांचं जावयाबद्दलचं मत आणखी थोडं खाली गेलं. ते आधीच इतकं खाली होतं की अजून जागा शिल्लक आहे याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मास्तर फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपचे प्रमुख. मास्तर हे नाव त्यांना शिकवण्यामुळे नव्हे, तर समोरच्याला काही येत नाही असं गृहीत धरून बोलायच्या सवयीमुळे पडलं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी बऱ्याच लोकांना कमी लेखलं होतं आणि त्यात कधी भेदभाव केला नव्हता. वैमानिक म्हणजे टोपी घातलेले ड्रायव्हर. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे फिती कापायला ठेवलेला माणूस. नवीन इंजिनियर म्हणजे ज्यांना पाना धरता येत नाही म्हणून टॅबलेट धरायला दिला आहे अशी जमात. आणि या जमातीतलाच एक, कोणाचाही सल्ला न घेता, त्यांच्या एकुलत्या एक लेकीने नवरा म्हणून निवडला होता. तो आता त्यांच्याच हाताखाली काम करत होता. दुसरा कोणी असता तर मास्तर "अरे गाढवा" म्हणून मोकळे झाले असते. पण जावयाला 'अरे' म्हणता येत नाही. त्याला 'अहो जावईबापू' म्हणावं लागतं, आणि सगळा अपमान त्या 'बापू'मध्ये कोंबावा लागतो. मास्तरांना ते जमत असे.

तर सोमवारची हकिगत अशी. क्लबकडे विमान एकच होतं. आणखी दोन होती, पण सुट्या भागांच्या स्वरूपात. या एका विमानाचं इंजिन इंजेक्शनचं. म्हणजे त्यात पेट्रोल आपलं आपण ओघळत येत नाही. पंप ते दाबून पाठवतो आणि सुईएवढ्या भोकांतून ते प्रत्येक सिलिंडरला मोजून मिळतं. दाब पंचवीस पौंडांच्या आसपास असला की सगळं ठीक. चौदाच्या खाली गेला तर इंजिन उपाशी राहतं, आणि उपाशी इंजिन हवेत तक्रार करत बसत नाही, सरळ काम थांबवतं. सोमवारी सकाळी लेक एकटी उडून आली, खाली उतरली आणि म्हणाली की वर चढताना दाबाचा काटा पंचवीसवरून पंधरावर आला होता. वर पोचल्यावर पुन्हा पंचवीस.

त्याच आठवड्याच्या शनिवारी तिची व्यावसायिक लायसन्सची परीक्षा होती. परीक्षक तीन महिन्यांतून एकदा येणार, आणि तिच्या लेखी परीक्षेची मुदत त्याच महिनाअखेरीस संपणार. शनिवार चुकला तर पाचही पेपर पुन्हा द्यायचे. दोन वर्षं गेली होती त्या पेपरांत.

कॅप्टन म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. ते लगेच विमान घेऊन वर गेले, दोन फेऱ्या मारून खाली आले आणि काटा जागचा हलला नाही असं त्यांनी जाहीर केलं. मग काचेवर टिचकी मारली. कॅप्टन कुठल्याही बिघाडावर काचेवर टिचकी मारत. मास्तरांच्या मते त्यांच्या तांत्रिक ज्ञानाची सुरुवात आणि शेवट त्या एकाच बोटात होता. परीक्षेचं दडपण असलं की पोरींना काहीबाही दिसतं, असं कॅप्टन म्हणाले. मंगळवारी लेक पुन्हा उडाली. काटा पुन्हा पंधरावर. कॅप्टन पुन्हा उडाले. काटा पंचवीसवर.

यंत्र आणि माणूस यांच्याविषयीचं ते वाक्य मास्तरांनी उच्चारलं ते याच वेळी, परातीत.

पाय पुसून झाल्यावर त्यांनी कपाटातून डबी काढली. निळ्या मखमलीचं अस्तर असलेली लाकडी डबी, आणि तिच्यात पितळी टेस्ट गेज. मास्तरांच्या गुरूंनी निवृत्त होताना त्यांच्या हाती दिलेलं. वर्कशॉपचा नियम असा की विमानातला काटा काही शंकास्पद दाखवत असेल तर आधी काहीही बदलायचं नाही. इंधनाच्या नळीला हे टेस्ट गेज जोडायचं, इंजिन चालवायचं आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. नियम उत्तम होता. मास्तरांनीच तो केला होता, आणि तो न पाळणाऱ्यांची त्यांनी आजवर सालटी काढली होती. गेजला हात लावायचा अधिकार मात्र एकट्या मास्तरांचा.

जावयाने नळी जोडली, चाकांना लाकडी ठोकळे लावले, लेक आत बसली, इंजिन सुरू झालं. विमानातला काटा पंचवीस. मास्तरांचं टेस्ट गेज अठरा.

"बघा," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बिघाड सापडल्याचं नव्हतं. आपल्याला आधीच माहीत होतं याचं होतं. विमानातला तो नवीन विजेचा काटा सात पौंड जास्त दाखवतोय, खरा दाब अठराच आहे. पंप म्हातारा झाला. चढताना काटा दहाने पडतो, म्हणजे पंचवीसचे पंधरा दिसतात तेव्हा खरे अठराचे आठ असणार. आठ पौंडांवर इंजिन वर चालू राहिलं हेच नशीब. त्यांनी हा हिशोब तिघांना दोनदा समजावून सांगितला, कारण एकदा सांगून समजणारे तिथे कोणी नव्हते.

जावयाने टॅबलेट खाली ठेवला. हे नेहमी वाईट लक्षण असे.

"सर, त्या टेस्ट गेजची तपासणीची तारीख उलटून चार वर्षं झाली आहेत. माझ्याकडे नवं डिजिटल आहे, सर्टिफिकेट आहे त्याचं. एकदा जोडून—"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. ते नुसतं पाहणं नव्हतं. आजवर त्या नजरेपुढे एका माणसाने नोकरी सोडली होती आणि दोघांनी क्षेत्र.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "तुम्ही सर्टिफिकेट बघून लग्न केलंत का?"

लेकीने तोंड फिरवलं. हसू लपवायला की राग, ते मास्तरांना कळलं नाही, आणि त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. जावई म्हणाला की नाही केलं. मग विषय संपला, असं मास्तर म्हणाले, आणि पंप बदलायचा हुकूम सुटला.

बुधवारी दुपारी नवा पंप बसला. इंजिन सुरू झालं. टेस्ट गेज अठरा.

हल्लीचे पंप बनवणारे कसे नालायक झाले आहेत यावर मास्तर वीस मिनिटं बोलले. पूर्वी कारखान्यात माणसं काम करायची, आता काय करतात देव जाणे. त्यांनी स्टोअरमधला दुसरा, शेवटचा नवा पंप काढायला लावला. तो गुरुवारी सकाळी बसला. अठरा. तीन पंप, तिघांचा आकडा तोच, अर्ध्या पौंडाचाही फरक नाही. दुसऱ्या कोणाला यावरून काही सुचलं असतं. मास्तरांना एवढंच सुचलं की तिन्ही पंप एकाच नालायक माणसाने बनवले असावेत, आणि ते कारखान्याला पत्र लिहायला बसले. पत्राची सुरुवात 'आपल्या तथाकथित उत्पादनाबाबत' अशी होती.

दुपारी कॅप्टन आले. उंबऱ्यावरच उभे राहून त्यांनी सुचवलं की मी दोनदा उडालोय, मला काही झालं नाही, तुम्ही सही करून टाका, पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे. विमान उडवायचं तर मास्तरांची सही लागे. मास्तरांनी पत्रातून मान वर न करता सांगितलं की ज्या दिवशी कॅप्टनच्या शब्दावर सही करायची वेळ येईल त्या दिवशी ते हँगरला कुलूप लावून भाजी विकायला बसतील. कॅप्टन म्हणाले, तिथेही तुमचा काटा अठराच दाखवणार. आणि काचेच्या दारावर एक टिचकी मारून निघून गेले.

संध्याकाळी लेक आणि जावई जेवायला आले होते. दर गुरुवारी येत. मास्तरांच्या बायकोने जावयाच्या ताटात आग्रहाने तिसऱ्यांदा वाढलं, आणि मास्तरांनी मनातल्या मनात त्याची नोंद केली. बोलणं विमानावर यायला वेळ लागला नाही. लेक म्हणाली, बाबा, माझंच विमान पडतं आणि कॅप्टनचं पडत नाही, याचं कारण काय असेल? मी तोच विचार करतेय. वर जाताना मी काही तरी वेगळं करत असणार.

मास्तर म्हणाले, काटा पडतो, विमान नव्हे, आणि जेवताना असं बोलू नये. मग म्हणाले, वैमानिकाने काही केल्याने पंपाचा दाब बदलत नाही; पंपाला वैमानिक कोण हे ठाऊक नसतं, सुदैवाने.

"तुम्ही सही नाही केलीत तर शनिवार गेला," ती म्हणाली.

"आठ पौंडांवर मी माझ्या शत्रूलाही वर पाठवणार नाही."

"मला पाठवायचंय की नाही ते विचारलं मी. शत्रूचं नाही विचारलं."

यावर मास्तरांनी पाणी प्यायलं. जावई ताटाकडे बघत होता. मास्तरांची बायको त्याला म्हणाली, तुम्ही जेवा हो, यांचं चालू दे. लेकीने घास तसाच ठेवला आणि वेगळ्याच आवाजात, सरळ विचारलं.

"बाबा, ते गेज कधी पडलं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

ते इतक्या पटकन म्हणाले की त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं.

कारण ते पडलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, एका दुपारी, हँगरमध्ये कोणी नसताना, लाकडी घोडीवरच्या फळीवरून सिमेंटच्या जमिनीवर. मास्तरांनीच ते फळीवर ठेवलं होतं, आणि मास्तरांच्याच कोपराने ते खाली गेलं होतं. काच शाबूत होती. काटा शून्यावर होता. पितळेला एक बारीक पोचा आला होता, तो त्यांनी मखमलीकडच्या बाजूला वळवला आणि डबी बंद केली. दुसऱ्या कोणाकडून पडलं असतं तर त्याला महिनाभर सुनावलं असतं. सुनावायला कोणी न सापडल्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

शुक्रवारी सकाळी मास्तर हँगरमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले. डबी उघडली. काटा शून्यावर, शून्याच्या खुंटीला टेकून. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. आणि मग त्यांना जे दिसलं ते खरं म्हणजे ते एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले होते: या जातीच्या गेजमध्ये शून्यापाशी एक खुंटी असते, काटा तिच्या मागे जाऊच शकत नाही. धक्क्याने काटा दांड्यावर सात पौंड मागे सरकला असेल तरी विश्रांती घेताना तो खुंटीवर अडून शून्यच दाखवणार. शून्यावर सगळेच प्रामाणिक दिसतात. वजन पडलं की कळतं.

तपासणीची प्रयोगशाळा आठवडा घेत असे. जावयाचं डिजिटल गेज दहा पावलांवर, त्याच्या कपाटात होतं. मास्तर त्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी डबी पिशवीत घातली आणि हँगरच्या मागच्या रस्त्यावर, चौकाजवळ ट्रकच्या टायरांची पंक्चर काढणाऱ्याकडे गेले.

पंक्चरवाला एका चाकावर बसून दुसरं चाक खोलत होता. मास्तरांनी डबी उघडली तेव्हा त्याने आधी मखमलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि दागिने मोडायचे असतील तर सराफ पुढच्या गल्लीत आहे असं सांगितलं. मास्तरांनी खुलासा केला. इंधनाच्या दाबाचं गेज आहे, हवेवरसुद्धा चालतं, तुझ्या गेजशी ताडून बघायचंय. पंक्चरवाल्याने एका नळीच्या तुकड्यावर ते बसवलं, क्लिप आवळली आणि कॉम्प्रेसरच्या त्याच टाकीवर स्वतःचं गेजही लावलं. त्याच्या गेजची काच तडकलेली होती आणि ते एका सुतळीने बांधलेलं होतं.

पंक्चरवाल्याचं तीस. मास्तरांचं तेवीस.

मास्तर म्हणाले, तुझं चुकतंय. पंक्चरवाला उठला. त्याने आतून आणखी एक गेज आणलं, मग शेजारच्या दुकानातून एक. तीस. तीस. मास्तरांचं तेवीस.

"फेकून द्या काका," तो म्हणाला. "माझ्याकडे एक जुनं पडलंय, ते घेऊन जा. डबीसकट काय करणार त्याचं."

मास्तरांच्या आयुष्यात त्यांना प्रथमच कोणी दयेने काहीतरी देऊ केलं होतं, आणि देणारा एका टायरवर बसून दुसऱ्या टायरच्या आत हात घालत होता. त्यांनी नको म्हटलं. ते त्याला तुच्छ लेखायचा प्रयत्न करत करत परत निघाले, पण तीन वेळा आलेल्या तीसपुढे ते जमेना. अर्ध्या रस्त्यात त्यांनी नाद सोडला आणि स्वतःकडे वळले. तिथे भरपूर सामग्री होती.

हँगरमध्ये तिघंही आले होते. मास्तरांनी डबी टेबलावर ठेवली.

"गेज चुकतंय," ते म्हणाले. "सात पौंडांनी. पडलं होतं. माझ्याच हातून."

आता छत कोसळेल असं त्यांना वाटत होतं. निदान जावयाच्या चेहऱ्यावर ते हसू तरी उमटेल ज्यासाठी तो तीन वर्षं थांबला असणार. मास्तर त्याच्या जागी असते तर त्यांनी ते हसू आठवडाभर उतरू दिलं नसतं. जावई म्हणाला, "बरं," आणि स्वतःचं डिजिटल गेज आणायला गेला. एवढंच. ज्याला धड जिंकताही येत नाही अशा माणसाला काय म्हणावं, मास्तर मनात म्हणाले.

डिजिटल गेजवर तिसऱ्या पंपाचा दाब पंचवीस आला. विमानातलाही पंचवीस. म्हणजे विमानातला काटा जमिनीवर खरं बोलत होता, पंप तिन्ही चांगले होते, आणि मूळचा पंप 'खराब' अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात विनाकारण बदनाम होऊन पडला होता. पण मग चढताना पंधरा का? परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. घड्याळात साडेदहा.

मास्तरांनी स्टूल ओढलं, लेकीसमोर बसले आणि जन्मात न केलेली गोष्ट केली. वैमानिकाला प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसले.

"धावपट्टीवर आल्यापासून वर पोचेपर्यंत तू काय काय करतेस? सगळं सांग. फालतू वाटलं तरी सांग."

ती सांगू लागली. धावपट्टीवर येते. कंपास बघते. जादा पंप चालू. लँडिंग लाइट चालू. इंजिन पूर्ण...

"लाइट? दिवसा?"

"चेकलिस्टमध्ये आहे. पक्ष्यांना आणि दुसऱ्या विमानांना दिसावं म्हणून. वर पोचले की बंद करते."

मास्तरांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननी छताकडे पाहिलं. दिवसाउजेडी कोण दिवा लावतं, असं ते म्हणाले. आपण इतकी वर्षं उडतोय, पक्ष्यांना आपण तसेही दिसतो. म्हणजे त्यांनी चेकलिस्ट शेवटची केव्हा वाचली असा प्रश्न मास्तरांनी विचारला नाही. तो त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, कारण असा प्रश्न घाईत वापरून टाकायचा नसतो.

इंजिन सुरू केलं. विमानातला काटा पंचवीस, डिजिटल पंचवीस. "लाव," मास्तर ओरडले, पंख्याच्या आवाजाच्याही वर आवाज चढवून. लेकीने लाइट लावला. विमानातला काटा पंधरावर उतरला. डिजिटल पंचवीसवरच उभं. लाइट बंद, काटा पंचवीस. पुन्हा लावला, पंधरा.

दाब कधीच पडत नव्हता. पडत होतं ते फक्त दाब सांगणाऱ्या काट्याचं डोकं, आणि तेही लाइटने वीज खेचली की. बाकीचं काम जावयाने केलं, कारण मास्तरांचा हात इंजिनमागच्या फटीत शिरत नव्हता. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या बोंडल्यापासून इंजिनच्या सांगाड्याकडे जाणारी अर्थिंगची तार, जिच्यातून लाइटची वीजही परतायची. तिच्या टोकाला हिरवट गंज, आणि सात धाग्यांपैकी दोनच शाबूत. जावयाने टोक कापलं, नवं लावलं, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, नट आवळला. अकरा मिनिटं लागली. मास्तरांनी घड्याळ लावलं होतं. पुन्हा इंजिन. लाइट लावला. पंचवीस. सगळे दिवे, रेडिओ, केबिनचा पंखा, जे काय होतं ते सगळं लावलं. पंचवीस.

"मला पहिल्यापासून वाटत होतं विजेचं काहीतरी आहे," कॅप्टन म्हणाले.

मास्तरांनी इंजिन बंद करायची खूण केली. काही माणसं स्वतःच स्वतःचं काम इतकं पूर्ण करतात की दुसऱ्याला करण्यासारखं उरत नाही.

जुना पंप परत बसवायचा की नवाच ठेवायचा यावर थोडं बोलणं झालं. जावई म्हणाला, सर, ठरवा तुम्ही. मास्तर म्हणाले, तुम्ही ठरवा. जावयाने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणाले की काय म्हणून. शेवटी नवा ठेवला. मास्तरांनी सही केली, शेजारी जावयाची सही घेतली आणि कारखान्याला लिहिलेलं पत्र फाडून केराच्या टोपलीत टाकलं. मग परत काढून आणखी बारीक फाडलं, कारण टोपली कॅप्टनच्या वाटेत होती.

शनिवारी परीक्षक पावणेआठला आले. उंच, फिकट, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या चुका मोजणारा माणूस. त्यांनी कागद पाहिले, विमानाभोवती फिरले, लेकीला वीस मिनिटं प्रश्न विचारले, मग दोघं आत चढले. धावपट्टीवर वळताच लँडिंग लाइट लागला. विमान धावलं, सुटलं, चढलं, लहान होत होत टेकडीपलीकडे गेलं. आवाजात कुठेही खंड पडला नाही.

दीड तास मास्तर हँगरसमोरच्या बाकावर बसून होते. शेजारी जावई होता. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती, पण पूर्वी तिथे दोघांची असे. या दीड तासात मास्तरांनी दोन भाषणं तयार केली. ती नापास झाली तर परीक्षकाला ऐकवायचं एक: खुर्चीत बसून लोकांचं आयुष्य तोलणाऱ्यांना स्वतःला कोण तोलतो, अशी त्याची सुरुवात होती, आणि शेवटी परीक्षकाने मान खाली घातल्याशिवाय ते संपत नव्हतं. पास झाली तर दुसरं. ते थोडं मोठं होतं. त्यात चूक कबूल करणाऱ्याचं मोठेपण, तरुण पिढीला मिळालेली शिस्त, दिवसासुद्धा दिवा लावणाऱ्या वैमानिकांचं दुर्मीळ असणं, आणि ओघाओघात, फार जोर न देता, जावयाबद्दल अर्धं वाक्य. ते अर्धं वाक्य जमवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. पूर्ण केलं तर बिघडेल म्हणून अर्धंच ठेवलं.

विमान उतरलं, वळत वळत समोर येऊन थांबलं. पंखा फिरायचा थांबला. आधी लेक उतरली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती सरळ चाकांना ठोकळे लावायला वाकली. मागोमाग परीक्षक उतरले आणि फाइल काखेत धरून थेट मास्तरांकडे येऊ लागले.

मास्तर उठले. शर्ट खाली ओढला. दोन्ही भाषणं जिभेवर घेऊन, कुठलं लागेल ते सोडायच्या तयारीत, ते दोन पावलं पुढे झाले. मागे जावई उभा राहिला. कॅप्टनही कुठूनसे येऊन उभे राहिले.

परीक्षकांनी पंखावर फाइल उघडली, लायसन्सचा कागद काढला, खिसे चाचपले. वरचा, खालचा, मग मागचा.

"पास आहे हो, चांगली पास आहे," ते खिशात हात घालूनच म्हणाले. "पेन आहे का कोणाकडे? आणि टोपण तुमच्याकडेच ठेवा, माझ्याकडून हरवतं."